सांग मालका

"ते लाकूड ठेव खाली. बापाची हलगी घे गळ्यात."

मालक एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. चढवायची त्याला गरजच पडत नसे. शाळेचं पटांगण, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, चारी बाजूंनी सगळं गाव, आणि मधे मी. हातात गिटार.

गुरुजींनीच मला उभं केलं होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याचा कलेक्टर आमच्या गावचा दुष्काळ बघायला येणार होता. मुख्याध्यापक गुरुजी वस्तीच्या तोंडापर्यंत आले, तिथूनच म्हणाले, "तू नांदेडला गाणं शिकलीस म्हणे. साहेबांसाठी एक स्वागतगीत म्हण. गावाचं नाव होईल." मी हुरळले. माय म्हणाली, जाऊ नको. मी गेले.

मालक म्हणजे गावचा सरपंच. सोसायटीचा चेअरमन तोच, शाळेच्या संस्थेचा अध्यक्षही तोच. त्यानं मला पायापासून वर बघितलं.

"कुनाची गं तू?"

मी बाचं नाव सांगितलं. त्याला ते माहीत होतं. बा समोरच होता, फाटकापाशी, पाचोळा पेटवून हलगी शेकत. साहेबांची जीप आली की वाजवायची म्हणून त्याला सकाळीच बोलावून ठेवलं होतं.

"वाजंत्र्याची. मंग वाजंत्र्यावानी ऱ्हावं. ह्ये कुनी दिलं हातात?"

लोक हसले. सगळे नाही. जे हसले नाहीत त्यांनी माना खाली घातल्या. ते मला जास्त लागलं.

मालकानं गिटारीला हात लावला नाही. गड्याला खूण केली. गड्यानं ती माझ्या हातातून घेतली, कोंबडी धरतात तशी मानेला धरून. "गोठ्यात ठेव," मालक म्हणाला. दुसऱ्यानं बाच्या गळ्यातली हलगी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. तिचा पट्टा ओला होता. बाच्या घामानं.

मी बाच्याकडं बघितलं. बा जमिनीकडं बघत होता.

जीप आली. मी वाजवली. उलट्या पावलांनी चालत, जीपच्या पुढं, धुळीत. हलगी मला येत होती. आमच्या घरात ती चालायच्या आधी येते. साहेब तरुण होता, त्यानं हात जोडले. त्याला काय माहीत. मालक त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "आमच्या गावची परंपराय साहेब. बायामान्सं बी वाजवत्यात." साहेबाच्या माणसानं माझा फोटो काढला.

संध्याकाळी गोठ्यात गेले तर गिटार शेणात पालथी पडलेली. बारीक तार तुटलेली. मागच्या फळीला चीर. मी ती पदरानं पुसत होते आणि बैल माझ्याकडं बघत होते. त्या दिवशी माझ्याकडं सरळ बघणारे तेवढेच.

ती गिटार माझी नव्हती. हे सांगायला पाहिजे.

दहावी झाल्यावर बानं मला नांदेडला आत्याकडं ठेवलं. आत्या एका दवाखान्यात झाडलोट करायची. तिच्या गल्लीत शेवटच्या खोलीत भास्करमामा राहायचा. नात्यानं कुणी नाही, सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. मुंबईच्या गिरणीत होता. संपात गिरणी गेली तसा परत आला आणि धान्याच्या मोंढ्यात हमाली करायला लागला. दिवसा पोती, संध्याकाळी गाणी. स्वतःच जुळवलेली. जयंतीत, मोर्चात, हमालांच्या सभेत गायचा. आणि त्याच्या हातात डफ नसायचा. गिटार असायची. मुंबईत त्याच्या चाळीत एक गोव्याचा कामगार होता. त्यानं शिकवली, आणि जहाजावर नोकरी लागली तेव्हा मामाला देऊन गेला.

मी ते वाजताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी घरी रेडिओ लागलाय. दारातून वाकून बघितलं. काळा, रुंद खांद्यांचा माणूस खाटेवर बसलेला आणि त्याच्या मांडीवर ते पोटुशी बाईसारखं वाद्य.

"ये की. भ्याली कामून? चावत न्हाई हे."

असं सुरू झालं.

मी त्याला पहिल्या दिवशी विचारलं होतं, मामा, डफ का नाही? तो तारा पिळत बसला होता. म्हणाला, "डफ काढला की लोक आधी जात वळकतेत. मंग गानं ऐकतेत. आन निम्मे ऐकतच न्हाईत. हिला अजून कुनी जात इचारली न्हाई." एक तार आवळली. "इचारतील."

शिकवायची त्याची एकच रीत. गाणं. नुसती बोटं नाचवून घेणं त्याला मान्य नव्हतं. जे गायचं नाही ते वाजवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पहिल्या गाण्याला दोनच कॉर्ड लागायचे, तारा एकत्र दाबायच्या दोनच जागा, जी आणि डी. अक्षरं त्याला पाठ होती, त्या गोव्याच्या माणसानं सांगितली तशी. उदास वाजणाऱ्या मायनर कॉर्डला तो 'दुखरा' म्हणायचा. "इथं दुखरा लाव," म्हणायचा, आणि खरंच तिथं दुखायचं.

ते पहिलं गाणं रोजगार हमीच्या कामावरचं होतं.

*खडी फोडते माय माझी, खडी फोडते माय*
*रस्ता ज्याच्या दारी जातो, त्याचा मळना पाय*

माझी माय त्याच वेळी अहमदपूरच्या रस्त्यावर खडी फोडत होती. हे मामाला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. जी वरून डीवर बोटं नेताना माझी बोटं अडखळायची आणि घसा भरून यायचा, आणि तो म्हणायचा, "रडू नगं. रडली की ताल सुटतो. आधी नीट वाजीव, मंग लोकं रडतील."

पोलादी तारा. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग फोड आले, मग फुटले. आत्याच्या घरी भांडी घासताना राख झोंबायची. आत्या ओरडायची, "पोरीच्या जातीनं तार छेडायची, हे कुठलं खूळ?" पण ओरडता ओरडता तीच त्या बोटांना खोबरेल लावायची. मग घट्टे पडले. घट्टे पडल्यावर मामानं माझा हात उलटा करून बघितला, स्वतःचा हमालाचा तळवा शेजारी धरला आणि म्हणाला, "आता जमलं."

एक कॉर्ड मात्र जमत नव्हता. एफ. पहिल्या बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या. माझ्याकडून नुसता खट खट आवाज यायचा. मामा म्हणाला, "सोड. ज्या गान्यात तो लागंल ते गानं अजून व्हायचंय."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी निघाले तेव्हा गिटार त्यानंच माझ्या खांद्यावर दिली. जुन्या पोत्याची शिवलेली पिशवी, मोंढ्यातली, तुरीचा वास येणारी. "घेऊन जा. इथं सगळ्यांनी मला ऐकलेलंच हाय. तुज्या गावात कोन ऐकलंय?" नांदेड, लोहा, अहमदपूर, तिथून गावची गाडी. एसटीत मी ती मांडीवर धरून बसले. लोक विचारायचे, काय हाय गं पोरी यात? मी अभिमानानं सांगायचे.

त्या अभिमानाचं मे महिन्यात काय झालं ते वर सांगितलं.

परत नांदेडला गेले ती मान खाली घालून. पिशवी मामापुढं ठेवली. त्यानं गिटार काढली, चिरेवरून अंगठा फिरवला, वास घेतला. शेणाचा वास अजून होता. मला वाटलं आता हा चिडेल. तो म्हणाला, "ही लाकडाची हाय. हिचं सोड. तुजं सांग."

मी सांगितलं. हलगी, जीप, फोटो, सगळं. बा जमिनीकडं बघत होता हेही.

"बापावर राग हाय?"

"हाव."

"ठेव. पन बापावर ठेवू नगं. बाप तितं कामून हुबा हाय ते बग." मग त्यानं अचानक विचारलं, "तुज्या वस्तीला पानी कुठून येतं?"

पाणी येत नव्हतं. वस्तीचा आड कोरडा पडून दोन उन्हाळे झाले होते. सरकारी टँकर गावात यायचा, पण तो मालकाच्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीवर मालकाचा ऊस होता. गावच्या बाया त्या विहिरीवरून भरायच्या. आमच्या बाया घागरी घेऊन लांब बसायच्या, कुणाला दया आली तर ती वरून ओतायची. एकदा मायनं टँकरवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मला सांगतेत तिथं वततो, बाई. मलाबी नोकरी हाय."

मी हे सगळं बोलत होते आणि मामा गिटारीवर बोटं ठेवून ऐकत होता. वाजवत नव्हता. दोन दिवसांनी त्यानं तुटलेली तार बदलली आणि मला बोलावलं.

*पानी आलं पानी आलं, गाडी भरून आलं*
*सांग मालका, वस्तीवरचं कुठं जिरून गेलं?*

"गानं तुजं हाय," तो म्हणाला. "शब्द तुज्याच तोंडचे. मी निस्ते बांधले." आणि 'सांग मालका' जिथं येतं, तिथंच एफ होता. त्यानं मुद्दाम ठेवला की काय, मला माहीत नाही. मी ते बोट दाबलं. दाबलं म्हणजे दाबलंच. सगळ्या तारा वाजल्या.

पावसाळा सुरू झाला, पण नावालाच. ढग यायचे, अंधारून यायचं, आणि वारा ते सगळं तेलंगणाकडं घेऊन जायचा. पेरलेलं करपलं. दुष्काळाच्या सभा सुरू झाल्या. मामा आणि मी जायला लागलो. नांदेडात मोंढ्यात, कंधारला, लोह्याच्या बाजारात. लोह्याला मी ते गाणं पहिल्यांदा एकटीनं म्हटलं. भाजी विकणाऱ्या बाया उठून जवळ आल्या. एका म्हातारीनं मला विचारलं, "तुला आमच्या गावचं कुनी सांगितलं गं?" मी म्हटलं, आजी, हे माझ्या गावचं आहे. ती म्हणाली, "न्हाई बाई. आमच्याच गावचं हाय."

गाणं माझ्याआधी गावात पोचलं. बाजारातून गेलं असेल, एसटीतून गेलं असेल. वस्तीवरची लेकरं म्हणायला लागली. मग वस्तीबाहेरची.

एके दिवशी आत्याच्या दारात एक माणूस आला. पांढरे कपडे, हातात छत्री. मी ओळखलं, तो मालकाच्या बैठकीत बसायचा. बाहेरच उभा राहिला, पाणी नको म्हणाला. गोड बोलला.

"मालकांनी इचारलंय, पोरगी बरी हाय का. शिक्षण नीट चाललंय का. मायबाप एकटेच आस्तेत गावात, म्हनले. काळजी वाटती, म्हनले."

एवढंच. हसला, गेला. आत्या दाराला टेकून खाली बसली. "तू समजून घे," ती म्हणाली. "हे काळजीचं बोलनं न्हाई." मला समजलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी आमच्या शेजारच्या गावात घरं जळाली, त्याच्या आदल्या दिवशीही असाच कुणीतरी येऊन तब्येत विचारून गेला होता, असं बा सांगायचा.

मामाला सांगितलं. तो पोतं शिवत होता. म्हणाला, "मंग आता गानं बरोबर लागलं म्हनायचं." पण त्या दिवसापासून तो मला एकटीला सभेला जाऊ देईना.

अहमदपूरला सभा होती. माझी परीक्षा होती म्हणून तो एकटा गेला. सभा दुपारी संपली. मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यानं एसटी स्टँडकडं येताना त्याला चौघांनी अडवलं. भर दिवसा. मारलं फार नाही. तोंडाला नाही, डोक्याला नाही. त्याचा डावा हात रस्त्याच्या खडीवर ठेवला आणि वरून दगड घातला. पुन्हा घातला. गिटारीला कुणी हातही लावला नाही. कुठला हात तार दाबतो, हे त्यांना कुणीतरी नीट सांगून पाठवलं होतं.

दवाखान्यात तो पडून होता. हाताचं पांढरं गाठोडं झालेलं. पोलीस जबाब घ्यायला आले. "पडला असशील," हवालदार म्हणाला. "रस्ता खराब हाय तिकडं."

"हाव," मामा म्हणाला. "रस्ता लई खराब हाय. लिवा चार मान्सांनी पाडलं म्हनून. नावं सांगतो."

हवालदारानं लिहून घेतलं. मालकाचं नाव आलं तिथं त्याचं पेन थांबलं. मामा बघत राहिला, तो लिहीपर्यंत.

हवालदार गेल्यावर मी रडायला लागले. मामानं उजव्या हातानं पांघरूण सारखं केलं. "गाता येतंय मला. गळा जाग्यावर हाय. हात तुजे घेऊ का?"

मी हो म्हणाले.

पोळा जवळ आला. बाचा निरोप आला, ये. शाळेतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेला, एका ओळीचा. मी गेले. गिटार घेऊन गेले.

बा बारीक झाला होता. म्हणाला, मालकाचं सांगणं आलंय. पोळ्याला नेहमीप्रमाणं बैलांपुढं वाजवायला यायचं, आणि पोरीला घेऊन यायचं. पोरीनं सगळ्या गावासमोर हलगी वाजवायची, मालकाच्या बैलांच्या पाया पडायचं आणि चुकलं म्हणायचं. मग विषय संपला.

"आन न्हाई गेलो तर?" मी विचारलं.

चुलीपाशी माय भाकरी थापत होती. ती थापायची थांबली. बाहेर कुत्रं भुंकलं तरी बा दचकत होता.

"नामांतराच्या येळी शेजारच्या गावात आधी गंजी पेटली हुती," बा म्हणाला. "मंग घरं. मी आग इजवायला पळालो हुतो. पानी कुठं हुतं तवाबी."

"बा, तू सांग. मी काय करू?"

"मी काय सांगू? मी जलमभर वाजवलंय." मग हळूच, मायला ऐकू जाऊ नये असा, "त्या दिशी शाळंत तुज्या गळ्यात पट्टा घातला. तवापासनं माजा हात बशिना हलगीवर. चामडं तेच हाय. आवाज येतो. पन हात बशिना."

मला तेव्हा बापाविषयीचा राग कुठं ठेवायचा ते कळलं.

पोळ्याच्या दिवशी गाव मालकाच्या दारात. दुष्काळातही त्याचे बैल तकतकीत. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. बाकीच्यांच्या जनावरांच्या बरगड्या मोजता याव्यात अशा. ओट्यावर मालक खुर्चीत, गुरुजी मागं उभे. पांढऱ्या कपड्यांचा तो छत्रीवाला. आणि बैलांच्या आडून बघणारी चार तोंडं. मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं, पण ती कोण हे ओळखायला वेळ लागला नाही.

बा पुढं. गळ्यात हलगी. मी मागं. खांद्यावर पोत्याची पिशवी. वस्तीतल्या दहा-पंधरा बाया आमच्या मागं आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. माय त्यांच्यात होती.

"आली का नांदेडची गायिका," मालक म्हणाला. "बापाची हलगी घे. वाजीव."

"वाजवनार न्हाई."

माझा आवाज चिरका आला. मी परत म्हणाले. "वाजवनार न्हाई. हलगी माजी हाय, मला पायजे तवा वाजवीन. तुज्या बैलापुढं न्हाई."

'तुझ्या' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मागं कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

पिशवी काढली. बोट आडवं दाबलं. मी गायले. सांग मालका, वस्तीवरचं कुठं जिरून गेलं. एकदाच गायले, एकटीच. कुणी साथ दिली नाही. ओट्यापलीकडं विहीर दिसत होती आणि तिच्या मागं ऊस, हिरवागार, त्या सगळ्या करपलेल्या शिवारात एकटा. सगळं गाव तिकडंच बघायला लागलं.

मालक उठून उभा राहिला. माझ्याशी बोललाच नाही. बाला म्हणाला, "तू वाजीव रे."

बानं पट्टा मानेवरून काढला. हलगी खाली ठेवली नाही. काखेत धरली, लेकरू धरतात तशी.

"न्हाई मालक," बा म्हणाला. "आता न्हाई."

मग आम्ही वळलो आणि चालायला लागलो. पाठीत दगड येईल म्हणून प्रत्येक पावलाला पाठ आखडत होती. दगड आला नाही. तो नंतर येणार होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं मायचं दळण परत केलं. दुकानदारानं मीठ दिलं नाही. शेतावरची कामं बंद. शाळेत वस्तीची लेकरं वेगळी तर बसायचीच, आता त्यांना बसू नका म्हणाले. बायांच्या घागरीत कुणी वरून ओतेना. मन्याड नदीच्या कोरड्या पात्रात आम्ही झिरे खोदले. वाळूत हातभर, दोन हात, माणूसभर. तळाला गढूळ पाणी जमायचं, वाटीनं भरायचं. एका सकाळी आम्ही गेलो तर सगळ्या झिऱ्यांत मेलेली कुत्री टाकलेली होती. आम्ही दुसरे खोदले.

मग बाया म्हणाल्या, लातूरला जाऊ. नवा जिल्हा झालाय म्हणतात, बघू तरी कुणासाठी झालाय. एसटीनं गेलो. कलेक्टर कचेरीच्या पाटीचा रंग ताजा होता, खाली पायऱ्यांवर आम्ही घागरी घेऊन बसलो. मामा नांदेडहून आला, हात गळ्यात बांधलेला. तो गायला, मी वाजवलं. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर आला. तोच. माझ्याकडं बघून म्हणाला, "तू ती हलगी वाजवणारी ना? छान वाजवली होतीस."

"मला वाजवायला लावली होती साहेब," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं.

त्याचं तोंड उतरलं. माणूस वाईट नव्हता. पोलीस बसवून टँकर पाठवला. काही आठवडे तो वस्तीवर आला. मग साहेबाची बदली झाली आणि टँकर पुन्हा विहिरीकडं वळला.

तेव्हा गुरुजी आले. या वेळी वस्तीच्या आत आले, आमच्या दारापर्यंत. मालकाचा सांगावा घेऊन. टँकर रोज वस्तीवर येईल. गिरणी, दुकान सगळं सुरू होईल. फक्त पोरीनं नांदेडला राहावं, ते गाणं बंद करावं, आणि त्या हमालाला तक्रार मागं घ्यायला सांगावी.

"पाणी येईल," गुरुजी म्हणाले. "लेकरांकडं बघा."

माझ्या गाण्यापायी लेकरं गढूळ पिऊन हगवणीनं पडली होती, हे मला दिसत होतं. कुणी मला हो म्हण म्हणालं असतं तर मी काय केलं असतं, आज सांगू शकत नाही. मी मायकडं बघितलं. तिचे ओठ फुटलेले होते.

"गुरुजी," माय म्हणाली, "पानी सरकारचं हाय ना?"

"हो."

"मंग त्याच्या बदल्यात मालकाला आमी कामून काय द्यायचं?"

गुरुजी गेले. तीन घरांनी दुसऱ्या दिवशी जाऊन मालकाची माफी मागितली. त्यांच्या घरी तान्ही लेकरं होती. मी त्यांना कधीच काही म्हटलं नाही, म्हणणारही नाही. बाकीच्यांनी वाळू उकरली.

काय झालं पुढं ते सरळ सांगते. केस वर्षानुवर्षं चालली. साक्षीदार फुटले. चौघेही सुटले, मालकाचं नाव तर आधीच गळालं होतं. मामाची बोटं सरळ झाली नाहीत. हमाली गेली. तो गात राहिला, त्याचा गळा जाईपर्यंत, आणि मी त्याच्या शेजारी बसून वाजवत राहिले. बा त्या दारात परत गेला नाही. आपल्या माणसांच्या लग्नात वाजवायचा, मोर्चात वाजवायचा, आणि तसं वाजवताना मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं. वस्तीवर नळ यायला एक पिढी गेली. मालक सन्मानानं म्हातारा झाला आणि सन्मानानं मेला.

मी लातूरला शिक्षिका झाले. आता लोक मला कार्यक्रमांना बोलावतात. गिटार वाजवणारी बाई म्हणून शाल देतात. बोलावतानाच कुणीतरी बाजूला घेऊन हळूच सांगतं, "मॅडम, ते जुनं नका गाऊ. आता कुठं राहिलंय तसं? मालकांच्या घरचे पाहुणे आहेत पुढच्या रांगेत. काहीतरी गोड म्हणा."

गोड गाणी मला येतात. मी ती गाणार नाही.